पहिला घास थुंकला म्हणून

अकोला–पूर्णा लोहमार्गावर, वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात जऊळका हे स्टेशन लागते. ऑगस्टमध्ये गाडीच्या खिडकीतून पाहिले तर दोन्हीकडे सोयाबीन आणि मधूनमधून तुरीची तासे. साठीच्या पुढचा कोणताही शेतकरी सांगेल की त्याच्या लहानपणी या भागात ज्वारी, कापूस, मूग, उडीद असायचे. सोयाबीन नंतर आले. हे नवे पीक त्याने भराभर आपलेसे केले. बियाणे बदलले, फवारणी शिकला, भावाचा अंदाज शिकला. पण ज्या घरात सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लागते, त्याच घरात ते चुलीवर क्वचितच चढते. ते वाशीमच्या बाजार समितीत जाते, तिथून तेलाच्या कारखान्यात. तेल पिशवीतून गावात परत येते. दाण्यात सुमारे चाळीस टक्के असलेली प्रथिने मात्र पेंडीत राहतात आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते.

शेतात नवे चालले, ताटात चालले नाही. याला घरातल्या बाईचा हट्ट किंवा अडाणीपणा म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही. सोयाबीन बहुतेक घरांत एकदा तरी उकडून पाहिलेले असते. त्याला कच्चट, उग्र वास येतो, मूग-मटकीसारखे ते मऊ होत नाही आणि कमी शिजले तर पोट फुगते. एकदा खाल्ले, आवडले नाही, विषय संपला. नव्या पदार्थाला आपल्याकडे एकच संधी मिळते. हाच न्याय सहा महिन्यांच्या बाळाच्या पहिल्या घासाला लावला जातो आणि तिथे तो फार महाग पडतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी देशभरात शंभरातल्या जेमतेम अकरा जणांना पुरेसा आहार मिळत असल्याचे दिसले. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आहेत आणि चारातल्या एकाचे वजन उंचीच्या मानाने कमी आहे. या आकड्यांमागे गरिबी आहे, वारंवार होणारी हगवण आहे, बाळाला सासूजवळ ठेवून निंदणाला जावे लागणारी आई आहे. हे सगळे खरेच. पण ज्या घरात डाळ, दूध, अंडे परवडते, त्या घरातले मूलही दीड वर्षापर्यंत वरणाच्या पाण्यावर आणि चहात बुडवलेल्या बिस्किटावर असते, तेव्हा कारण पैशाच्या पलीकडे शोधावे लागते. आईला विचारले की उत्तर ठरलेले असते: "दिलं होतं डॉक्टर, पण त्यानं थुंकून टाकलं."

थुंकणारच. पाच-सहा महिन्यांच्या बाळाची जीभ तोंडात आलेली घट्ट वस्तू बाहेर ढकलते. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, श्वासनलिकेत काही जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली तजवीज. ती हळूहळू मावळते. त्या दिवसांत बाहेर आलेल्या घासावरून बाळाची आवडनिवड ठरवणे म्हणजे पहिल्या दिवशी सायकलवरून पडलेल्या पोराला आयुष्यभर पायी फिरवणे.

नव्या खाण्याची भीती मात्र खरी असते आणि ती माणसाचीच नाही. ज्याने घरात उंदरासाठी विषाची गोळी ठेवली आहे त्याला हे ठाऊक असते. उंदीर पहिल्या दिवशी नुसता हुंगतो, दुसऱ्या दिवशी कणभर कुरतडतो आणि थांबतो. पोटात काही बिघडले तर त्या चवीकडे पुन्हा फिरकत नाही. अमेरिकेतील जॉन गार्सिया या शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये हे प्रयोगशाळेत दाखवले. गोड पाणी पिताना ज्या उंदरांना किरणोत्सर्गाने आजारी पाडले, ते पुढे गोड पाणी टाळू लागले. पोटाचा त्रास पाण्यामुळे झालेलाच नव्हता, पण मेंदूने दोष चवीवर ढकलला. माणसाचेही असेच होते. कावीळ होण्याच्या आदल्या दिवशी खाल्लेली मिठाई पुढे दहा वर्षे नकोशी वाटणारी माणसे प्रत्येक घरात सापडतात. म्हणून बाळाला ताप किंवा हगवण असताना नवा पदार्थ सुरू करू नये. आजारात नेहमीचेच खाणे थोडे थोडे द्यावे, अंगावरचे दूध सुरू ठेवावे. नव्याची ओळख बाळ खेळते असताना करून द्यावी.

सर्वभक्षी प्राण्याला ही सावधगिरी लागतेच. गाय काय खायचे ते जन्मतः जाणते; माणसाच्या पिलाला ते शिकावे लागते. सहा महिने ते दीड वर्ष हा शिकण्याचा सर्वांत सोपा काळ. तेव्हा बाळ पुढे येईल ते बहुधा तोंडात घालते. दोन वर्षांच्या आसपास ते स्वतःच्या पायांनी अंगणाबाहेर जाऊ लागते आणि नेमकी तेव्हापासून नव्या पदार्थाची धास्ती वाढते. हिरवे दिसले की तोंड फिरवते, भाजीचा तुकडा वरणातून वेचून काढते. घरचे म्हणतात, लाडावले. प्रत्यक्षात रानातले कोणतेही पान तोंडात घालण्यापासून त्याला वाचवणारी ही जुनी व्यवस्था आहे. लंडनमध्ये जुळ्या मुलांच्या पाच हजारांहून अधिक जोड्यांवर झालेल्या एका अभ्यासात (२००७) या धास्तीतला तीन चतुर्थांशाहून अधिक फरक आनुवंशिक असल्याचे दिसले. "तुझ्या हाताला चव नाही म्हणून पोरगं खात नाही" असे सुनेला ऐकवण्याआधी आजीने आपला मुलगा लहानपणी काय काय थुंकायचा हे आठवून पाहायला हरकत नाही.

आनुवंशिक म्हणजे न बदलणारे, असे मात्र नाही. लीॲन बर्च या अमेरिकी संशोधिकेने १९८२ मध्ये दोन वर्षांच्या मुलांना काही अनोळखी पदार्थ वेगवेगळ्या वेळा चाखायला दिले. कोणता दोनदा, कोणता वीसदा. जो जितक्या वेळा चाखला, तितका तो आवडू लागला. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतून साधारण आठ ते पंधरा वेळा हा अंदाज पुढे आला. यात तीन गोष्टी महत्त्वाच्या. नुसते दाखवून भागत नाही, जिभेला चव लागावी लागते. चमचाभर पुरतो, वाटीभर नको. आणि जबरदस्ती केली की मोजणी पुन्हा शून्यावर येते. नाक दाबून भरवलेला घास मुलाच्या स्मृतीत विषाच्या गोळीजवळ जाऊन बसतो. "भाजी खाल्लीस तर चॉकलेट" हा सौदाही उलटाच पडतो. भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे मोल, एवढेच मूल त्यातून शिकते.

बहुतेक घरांत आई तिसऱ्या-चौथ्या वेळी थांबते. शेताला जायची घाई, वाया जाणारे अन्न आणि आजूबाजूचे सल्ले पाहता तिने थांबणे समजण्यासारखे आहे. तिला कोणी सांगितलेलेच नसते की चौथा नकार हा अर्धा रस्ताही नाही.

चवीची ही शाळा खरे तर पहिल्या घासाच्याही आधी भरते. जुली मेनेला यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरोदरपणी किंवा स्तनपानाच्या काळात गाजराचा रस पिणाऱ्या आयांच्या बाळांनी पुढे गाजराची चव सहज स्वीकारली. आईने लसूण खाल्ला की दुधाला त्याचा वास येतो आणि बाळ त्या दुधाला जास्त वेळ लुचते, हेही त्यांनी त्याआधी दाखवले होते. आता आपल्याकडची बाळंतीण पाहा. वांगे वातूळ, हरभऱ्याची डाळ बाळाचे पोट दुखवणारी, ताक थंड, फळ सर्दीचे. महिना-दीड महिना भात, तूप, मेथी, डिंकाचे लाडू. लाडवाला विरोध नाही. पण ज्या काळात आईच्या दुधातून बाळाला घरच्या सगळ्या चवींची ओळख व्हायची, तोच काळ आपण सर्वांत बेचव करून ठेवला आहे. बाळंतिणीने घरातल्या इतरांसारखे सगळे खावे, थोडे जास्तच खावे.

उष्टावण हा मराठी घरातला नव्या अन्नाचा पहिला सोहळा. मामा येतो, चांदीच्या वाटीत खीर, सोन्याच्या अंगठीने पहिले बोट. सुंदर प्रथा आहे. अडचण दोन ठिकाणी येते. मुहूर्त आणि मामाची सुट्टी यांचा मेळ बसेपर्यंत बाळ आठ-नऊ महिन्यांचे होते. आणि खिरीनंतर पुढे काय, हे सोहळ्यात नसते. सहा महिने पूर्ण झाले की दुसऱ्या दिवसापासून घट्टसर अन्न सुरू व्हायला हवे, कारण तेव्हा जन्मावेळी मिळालेला लोहाचा साठा संपत आलेला असतो. सोहळा नंतर झाला तरी मामा रागावणार नाही. वरणाचे पाणी नको, कुस्करलेले वरण हवे. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतके घट्ट. त्यात तूप किंवा तेल. मग एकेक नवे: मऊ शिजवलेला भोपळा, पालक, ज्वारीच्या पिठाची पेज, नीट उकडलेले अंडे कुस्करून, दही, केळे, खाणाऱ्यांच्या घरी मासे-मटणाचा बारीक केलेला भाग. एका नव्या पदार्थानंतर दोन-तीन दिवस थांबून पुढचा. मध मात्र वर्षाच्या आत बोटभरही नको. त्यातून बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. जन्मल्या जन्मल्या मध चाटवण्याची पद्धत अजून गेलेली नाही, म्हणून हे पुन्हा सांगावे लागते.

शेंगदाण्याची कहाणी वेगळी आहे. वर्षानुवर्षे पाश्चात्त्य डॉक्टर सांगत होते की ॲलर्जी टाळायची तर बाळाला शेंगदाणा उशिरा द्या. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहापट असल्याचे २००८ मध्ये आढळले. इस्रायलमध्ये बाळे पहिल्याच वर्षी शेंगदाण्याचा खाऊ खातात. मग लंडनमध्ये ॲलर्जीचा धोका असलेल्या ६४० बाळांवर चाचणी झाली. पाच वर्षांच्या वयात शेंगदाणा टाळलेल्यांपैकी १७ टक्क्यांना ॲलर्जी होती, लवकर आणि नियमित खाल्लेल्यांपैकी ३ टक्क्यांना. २०१५ मध्ये हे निष्कर्ष आले आणि सल्ला उलटा झाला. आपल्या घरातला शेंगदाण्याचा बारीक कूट वरणात किंवा पेजेत घालून देणे हे त्या मानाने सोपे काम आहे. फक्त ज्या बाळाला अंगभर तीव्र इसब आहे किंवा अंड्याने पूर्वी त्रास झाला आहे, त्याला आधी डॉक्टरांना दाखवावे. नव्या पदार्थानंतर अंगावर गांधी, ओठ सुजणे, लागोपाठ उलट्या किंवा धाप यांपैकी काही दिसले तर तो पदार्थ थांबवून लगेच दवाखाना गाठावा. श्वास अडत असेल तर १०८. आणि अख्खा शेंगदाणा, फुटाणा, हुरड्याचा टणक दाणा चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नये. तो ठसक्याबरोबर श्वासनलिकेत जातो आणि मूल घरातून रुग्णालयात पोहोचेपर्यंत वेळ पुरत नाही.

"हे आपलं खाणं नाही" असा एक आक्षेप नेहमी येतो. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची. चारही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातल्या, पोर्तुगीज जहाजे यायला लागल्यानंतरच्या काळात इकडे आलेल्या. आपल्या सर्वांत सोवळ्या ताटात बहुतेक सगळे परके बसले आहे आणि कोणाची तक्रार नाही. विदर्भात ज्याला भेदरं म्हणतात तो टोमॅटोही त्यांच्यातलाच. ठेच्याशिवाय भाकरी जात नाही असे म्हणणाऱ्याच्या खापरपणज्याच्या खापरपणज्याने मिरची पहिल्यांदा जिभेवर ठेवली तेव्हा काय केले असेल, याची कल्पना करता येते.

सोयाबीनलाही दुसरी संधी द्यायला हवी, पण नीट शिजवून. कच्च्या दाण्यात प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो. उष्णतेने तो निकामी होतो आणि वासही उतरतो. निवडलेले सोयाबीन उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे उकळावे, पाणी फेकून द्यावे, कडक उन्हात वाळवावे आणि नऊ किलो गव्हात एक किलो या प्रमाणात दळून आणावे. पोळीची चव फारशी बदलत नाही. बेसनात थोडे मिसळून झुणकाही होतो. पहिल्या आठवड्यात कोणाला कळले नाही तर उत्तमच. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण गोळी शोषली जाण्यात अडथळा येतो.

एक नवा पदार्थ मात्र दहा संधी मागत नाही. पाच रुपयांचे, चकाकते पाकीट. त्यातला कुरकुरीत तुकडा मुलाला पहिल्याच घासाला आवडतो आणि आई म्हणते, "हे बरं खातो." मीठ, साखर, तेल आणि तोंडात विरघळणारा कुरकुरीतपणा यांचे प्रमाण कारखान्यात नेमके त्यासाठीच बसवलेले असते. पालकाच्या भाजीमागे असे कोणी नाही. पहिल्या फेरीत दोघांची स्पर्धा लावली तर पाकीटच जिंकणार. म्हणून ती स्पर्धाच लावू नये. जेवणाआधी पाकीट घरात दिसू नये, एवढा नियम मोठ्यांनीही पाळावा. मूल खाण्याचा पदार्थ मोठ्यांच्या ताटात पाहून ठरवते, आणि मोठे माणूस तोच पदार्थ खाताना दिसले तर ते लवकर तयार होते. ज्या घरात आई सर्वांत शेवटी, उभ्याउभ्या जेवते, तिथे मुलाला पाहायला कोणी ताटावर बसलेलेच नसते.

सरकारी योजनांचीही हीच गत आहे. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायची पाकिटे येतात. ती पडून राहतात, जनावरांना घातली जातात, अशा बातम्या राज्यात अनेकदा आल्या. पाकिटे किती वाटली याची नोंद होते; घास किती वेळा चाखला याची होत नाही. मुलांना अंगणवाडीतच, चार मुलांच्या घोळक्यात, आईसमोर महिनाभर रोज दोन चमचे चाखायला दिले तर त्या पाकिटाचे नशीब बदलू शकते. शाळेतल्या पोषण आहाराचे उदाहरण तर ताजे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्यांना केळे देण्याचा निर्णय घेतला. काही शाळांत पालकांनी विरोध केला, कुठे मुलांनीच नाके मुरडली. मग सवय होऊ लागली. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून, द्यायचे असेल तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. लोकसहभाग उभा राहतो तो सधन गावात. जिथे मुलाला अंडे फक्त शाळेतच मिळणार होते, तिथे ते बंद झाले. मुलाच्या जिभेला लागणारा वेळ सरकारने दिला नाही. हा निधी पुन्हा सुरू व्हायला हवा आणि किमान काही वर्षे हलवला जाऊ नये.

नव्याची धास्ती शाळेच्या वयात उतरते, पण साठीनंतर पाऊल न वाजवता परत येते. या वेळी ती ताटापुरती नसते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट. त्यामुळे माहेर आणि सासर यांच्या पलीकडे कधी न गेलेल्या अनेक बायका शेगाव, लोणार, पंढरपूर पाहू लागल्या. त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या काही जणी मात्र "आता या वयात कशाला" म्हणून ओट्यावरच बसतात.

अमेरिकेत डेनिस पार्क यांनी ६० ते ९० वर्षांच्या २२१ जणांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने, आठवड्याला पंधरा तासांहून अधिक, डिजिटल कॅमेरा वापरायला किंवा गोधडीसारखे शिवणकाम शिकवले. काहींना नुसत्या सहली, गप्पा आणि करमणूक. स्मरणशक्तीत सुधारणा दिसली ती नवे कसब शिकणाऱ्यांत, विशेषतः कॅमेरावाल्यांत. म्हणजे आजीला गाडीत बसवून देवदर्शन घडवले तर तिचे मन रमते. पण गाडी कोणत्या फलाटावर लागते हे तिने विचारले, आधार कार्ड काढून वाहकाला दाखवले, परतीची वेळ लक्षात ठेवली, फोनवर फोटो काढायला शिकली, तर मेंदूलाही काम मिळते. तेवढे तिच्यावर सोडावे.

वयाबरोबर वासाची जाणीव मंदावते, त्यामुळे "सुनेच्या हाताला चव नाही" ही तक्रार इथेही येते आणि मिठाचा डबा जवळ ओढला जातो. रक्तदाब असलेल्याला तो परवडत नाही. लिंबू, सांभार, लसूण, भाजलेले जिरे यांनी चव वाढवावी. प्रवासात रोजच्या गोळ्या चुकवू नयेत. लघवीला लागेल म्हणून पाणी तोडू नये आणि पाण्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारून तिची वेळ बदलून घ्यावी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने पिशवीत गूळ-शेंगदाणे किंवा साखर ठेवावी, कारण गाडी उशिरा आली की जेवण लांबते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारची गाडी टाळावी. विसरभोळेपणा आधीच वाढला असेल तर सोबत हवीच. आणि पहिली खेप पंढरपूरची असायची गरज नाही. जऊळक्याहून तालुक्यातल्याच शिरपूरला जाऊन, अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर पाहून, संध्याकाळच्या आत घरी येता येते. पंधरा दिवसांनी पुन्हा, या वेळी वाशीम.